मिठाची तबकडी

ती घटना आजही आठवली की मान खाली जाते.

बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. गावपुढाऱ्याच्या घरी साखरपुडा झाला आणि जेवणं उरकून काही तासांतच पाहुणे ओकू लागले. पुढाऱ्याचा फोन आला, "साहेब, फळवाल्यानंच काय तरी कालवलंय. गाडा हटवायला लावला म्हणून लई डूख धरून हाय."

स्टेशन डायरीला नोंद केली आणि फळवाल्याला आणून बसवलं. फ्रूट सॅलडची फळं त्याची, एवढाच पुरावा. बाजारातला तो एकटा मुसलमान फळवाला. निकाल गावानं आधीच लावला होता, आम्ही फक्त अंमलबजावणी केली.

"विष कुठून आणलंस?"

"साहेब, म्या केळी दिली, चिकू दिले. कापले त्यांच्या आचाऱ्यानं. तीच केळी माझी लेकरं खातेत."

"लई शहाणा हायेस बे," हवालदार म्हणाला. मी त्याला थांबवलं नाही.

उरलेलं सॅलड आणि पेढे पंचांसमक्ष सील करून तपासणीला पाठवले. विष निघालं नाही. प्रयोगशाळेतल्या डॉक्टर बाईंनी माझ्यापुढं दोन तबकड्या ठेवल्या. "दोन्ही आधी लाल होत्या. यात जंतूंचं खाद्य आहे, पण मीठ इतकं की बहुतेक जंतू वाढतच नाहीत. जे तगतात त्यांच्यातला गळवात सापडणारा एक जंतू यातली साखर आंबवतो आणि लाल रंग पिवळा होतो."

सॅलडची तबकडी लालच होती. पेढ्यांची पिवळीधमक.

"पुढच्या चाचण्यांतही तोच जंतू आलाय. हाताच्या गळवातून तो खाण्यात गेला अन् रात्रभर वाढला की खाणारे ओकतात. पेढे कुणी वळले ते बघा," त्या म्हणाल्या.

मी पुढाऱ्याच्या घरी जाऊन हे सांगितलं, तसा तो उसळला. "आमच्या घरच्या बायांचे हात तपासणार? त्यो ठाण्यात बसलाय, त्याला इचारा की!"

तेवढ्यात त्याची थोरली बहीण चहा घेऊन आली. कप तिनं डाव्या हातानं पुढं केला. जुन्या वळणाची बाई पाहुण्याला डाव्या हातानं देत नाही. उजवा हात पदराखाली होता.

"आक्का, हाताला काय झालं?"

"तू आत जा!" पुढारी ओरडला.

"कावून जाऊ?" तिनं बोटाची चिंधी सोडली. गळू पिकलं होतं. "पेढे आदल्या सांजंला मीच वळले, साहेब. यातून असं व्हतं हे मला ठावं न्हवतं. पर त्यो बिनगुन्ह्याचा कोंडलाय अन् मी हितं च्या करायलेय." पदरात तोंड घालून ती तिथंच खाली बसली.

तिच्या गळवातल्या पुवानंही तबकडी पिवळी झाली.

मी फळवाल्यासाठी ठाण्याचं मागचं दार उघडलं. "तुझ्यावर काही नाही. जा घरी."

तो हलेना. "साहेब, आणताना गचांडी धरून भर बाजारातून आणलं. आता बी बाजारातूनच न्या. लोकांनी बघितलं पायजे."

"गर्दी होईल. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न आहे."

"आणताना न्हवता?"

मी दाराकडं बोट दाखवलं. तो गेला. पुढं त्याच्या गाड्यावर कुणी फिरकेना, तेव्हा त्यानं गावही सोडलं.

प्रयोगशाळेत जंतूलासुद्धा पारखल्याशिवाय नाव देत नाहीत. आम्ही माणसाचं नाव ऐकून त्याला गुन्हा दिला. आक्कांनी भावासमोर चिंधी सोडली. मी मात्र अंगावर वर्दी असून, त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून ठाण्यासमोरच्या बाजारातून चार पावलं चाललो नाही.