दोन किडन्यांचा बोका

कुणाच्याही घरी जेवायला गेले की आमचे डॉक्टर आधी फ्रिजकडे वळत. श्रीखंडाच्या डब्याला हाताची उलटी बाजू लावून म्हणत, "गार हवं. गोठलं की गेलं." मग डबा फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवत. ब्लँचर्डस्टाउन या आयरिश उपनगरातल्या आम्हा मराठी घरांत याची इतकी थट्टा झाली, की शेवटी बायका स्वतःच डबा त्यांच्यापुढे धरू लागल्या.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याचं काम त्याच्या अंगात भिनलेलं असतं. हे नागपूरला शिकलेले जनावरांचे डॉक्टर. इथल्या एका प्रयोगशाळेत मांजरांच्या किडन्या टिकवण्यावर काम करत. एका मांजराची किडनी काढून गार द्रावणात ठेवली, की त्याच सर्जनना सावकाशीनं दुसऱ्या मांजराकडे वळता येतं, असं ते सांगत. आम्ही सॉफ्टवेअरवाले खो खो हसायचो.

मग आमच्याच मांजरीच्या, मनीच्या किडन्या निकामी झाल्या. गरजवंताला अक्कल नसते. मी आणि बायको त्यांच्या दारात जाऊन उभे राहिलो.

"हे ऑपरेशन इथं होत नाही," ते म्हणाले. "परदेशात माझा एक दोस्त करतो. पण किडनी देणारं मांजर तुम्ही आणायचं, आणि ते जन्मभर तुमचं. पद्धतच आहे तशी."

"आणू की," बायको म्हणाली. "बेवारस मांजराला घर मिळेल. वाईट काय त्यात?"

"मग आधी घर द्या, वहिनी. किडनीचं नंतर पाहू. काहून घाई करता?"

घाई आम्हाला नव्हती हो, मनीला होती. तरी ऐकलं. बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातून एक तांबूस बोका आणला. डॉक्टर संध्याकाळी येत, मनीला सलाईन देत, बोक्याच्या कमरेशी दोन्ही बाजूंनी बोटं दाबून म्हणत, "छान आहेत दोन्ही." बोका भलताच लाघवी निघाला. मनीच्या वाटीला तोंड लावायचा नाही, तिचं होईपर्यंत शेजारी बसून राहायचा. लेकीनं तर त्याला पांघरुणातच घेतलं.

एका संध्याकाळी डॉक्टर दारातूनच म्हणाले, "रक्त जुळलं. आता जायला हरकत नाही."

याच बातमीसाठी आम्ही जीव मुठीत धरून बसलो होतो, पण आता कुणी हललं नाही. बोका लेकीच्या मांडीवर होता. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. "डोंट कट हिम, बाबा. ही'ज ग्रँड."

"एका किडनीवर मांजर नीट जगतं ना हो?" मी विचारलं.

"बहुतेक जगतं."

"बहुतेक म्हणजे? तुम्ही काय केलं असतं?"

"मी किडनी टिकवतो. काढायची की नाही, हे मला आजवर कुणी विचारलं नाही."

आम्ही आज-उद्या करत राहिलो आणि त्यातच मनी गेली.

मला त्यांचा फार राग आला. बोक्याला आधी घरात घ्यायला लावलं नसतं, तर आम्ही डोळे मिटून हो म्हटलं असतं आणि मनी वाचली असती. त्यांनी मुद्दाम केलं का? की बोक्याला घराची सवय लागावी एवढाच साधा हेतू होता? बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "मला नाही कळत. मला विचारू नका." पुढे डॉक्टर त्याच परदेशातल्या दोस्ताकडे कामाला गेले, म्हणजे ते या ऑपरेशनच्या विरुद्ध होते असंही म्हणता येईना. आता फोनही लागत नाही. त्यांची आठवण येते तेव्हा रागही येतो, आणि रागावलो की आठवण जास्तच येते.

निरोप घ्यायला आले, तेव्हा बोका आपणहून त्यांच्या मांडीवर चढला. मनीबद्दल त्यांनी तोवर एक शब्द काढला नव्हता. बोक्याकडे पाहत हळूच म्हणाले, "फार महाग पडलास रे."

ते कौतुक होतं की तक्रार, मी अजून ठरवू शकलेलो नाही. त्यांचा हात मात्र बराच वेळ त्याच्या पाठीवरून फिरत होता.