उसना खर्ज

"उद्या गाठ काढू. पण आत्तापासून तीन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही," सांगलीचे डॉक्टर म्हणाले, आणि मी लगेच म्हणालो, "बरं." शेजारी बसलेल्या सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, कपाळाला हात लावला.

घशात इवलासा आरसा घालून डॉक्टरांनी गाठ पाहिली होती. व्होकल नोड्यूल, म्हणजे आवाजाच्या पट्ट्या घासून पडलेला घट्टा, असावा म्हणाले. खात्री बायोप्सीनंतर, म्हणजे तुकडा तपासल्यावर. तोवर त्या 'असावा'वर झोपायचं.

मी मुंबईला टीव्हीवर बातम्या वाचायचो. मूळ फलटणचा, आवाज जरा पातळ. बातमीला वजन यावं म्हणून तो खाली, खर्जात दाबायला लागलो. पुढं घरी मीठसुद्धा मंत्रिमंडळानं राजीनामा दिल्यासारखं मागायचो. घट्टा पडला तो त्यानंच.

सांगली माझी सासुरवाडी. तिथं तेव्हा टीव्ही दिसत नसे, पण सासऱ्यांनी वॉर्डभर सांगून ठेवलेलं. शेजारच्या खाटेवरचे जतचे आप्पा त्यांना म्हणाले, "पावनं, जावई बातम्या सांगत्यात म्हणं. मग आमच्यासंगं का बोलत न्हाईत? लय भाव खात्यात." खरं कारण कळल्यावर आप्पा माझ्याशी स्वतःही खुणांनीच बोलू लागले.

पाचव्या दिवशी चादरीत तोंड घालून मी बातम्यांचा कुजबुजत सराव केला. डॉक्टरांनी पकडलं. कुजबुजण्यानं गळ्यावर जास्त ताण येतो, म्हणाले. ज्यांचं पोट गळ्यावर आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मग खरंच गप्प झालो; काही हवं असलं तर पाटीवर लिहायचो. दुपारी कृष्णेकडून वारा यायचा, पडदा फुगायचा. डोळा लागला की त्यामागं बसून मी बातम्या वाचतोय असं दिसायचं. ओठ माझे, आवाज मात्र फलटणच्या शाळेत कविता म्हणणाऱ्या एका मुलाचा. त्याला हाक मारायला जावं, तर हातातली पाटी निसटून जाग यायची.

काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. गाठ साधी होती. सुमननं तो दोनदा वाचला. मी पाटीवर लिहिलं, 'आवाज?'

"येईल," डॉक्टर म्हणाले. "कसा येईल, ते बघू."

एकविसाव्या दिवशी बोलायची परवानगी मिळाली. आभाराचं एक भारदस्त वाक्य मी घोकून ठेवलं होतं. सगळे कान लावून बसले, आप्पासुद्धा. घसा कोरडा पडला आणि तोंडातून निघालं, "जरा पाणी मिळेल का?"

पातळ. कापरा. असला आवाज घेऊन कॅमेऱ्यापुढं कसा बसणार? पुढं त्याच आवाजात मी कितीतरी वर्षं बातम्या वाचल्या, पण ते त्या दिवशी कुठं ठाऊक होतं?

सुमननं पाणी दिलं. मी पिऊन होईपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "मला बघायला आला होतात, तेव्हा हेच म्हणाला होतात. ह्याच आवाजात. मी होकार ह्यांना दिला होता. मधे घरात कोण राहत होतं, कुणास ठाऊक."