विलासचा पट

बुद्धिबळवाले खेळताना गप्प बसतात, म्हणूनच की काय, त्यांचे किस्से फार साठतात. नव्वदच्या आसपास जळगावात एका सायकल दुकानाच्या माळ्यावर आमचा चौघांचा अड्डा होता. आता आठवायला बसलो की सगळे किस्से विलासचेच निघतात.

*

विलास बँकेत क्लार्क. आमच्यात सगळ्यात तेज. पांढऱ्यानं राजाचं प्यादं पुढे टाकलं की याचं उत्तर ठरलेलं, सिसिलियन बचाव! एसटीतून रिटायर झालेल्या आमच्या नानांना तो शब्द काही जमेना.

"काय रे विलास, आज पुन्हा सिलिंडरच का?"

"हो नाना. पण भरलेला!"

*

धुळ्याच्या रॅपिड, म्हणजे घड्याळ लावून झटपट डावांच्या स्पर्धेत समोर एक वकील आले. त्यांची सारखी बडबड. विलासनं मान वर न करता सांगितलं, "साहेब, घड्याळ तुमचं चालू आहे. तोंड बंद ठेवलं तरी चालेल!"

*

जामनेरला विलाससाठी मुलगी बघायला गेलो. मुलीचे मामा बुद्धिबळाचे दर्दी, पोह्यांबरोबर पटही आला. चहा थंड व्हायच्या आत विलासनं मामांना मात दिली. सोयरीक बारगळली!

विलासचे वडील, आबा, केळी पिकवणारा साधा माणूस. स्टँडवर म्हणाले, "एक डाव हरला असता तं घरात सून आली असती ना रे!"

*

मग त्याला कावीळ झाली. हॉस्पिटलात आम्ही पट आणि घड्याळ घेऊन गेलो. डोळे हळदीसारखे पिवळे.

"नाना, आज घड्याळ नको," तो म्हणाला. "सावकाश खेळू."

तो डाव अर्धाच राहिला.

*

पुढच्या वर्षी धुळ्याला चौघाचौघांच्या संघांची रॅपिड स्पर्धा होती. विलासच्या जागी दुसरं कुणी घ्यायला मन होईना, म्हणून तिघंच गेलो. आबाही आमच्याबरोबर आले, आणि थेट विलासच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले.

"आबा, तुम्हाला येतं?"

आबांनी खुर्ची पटाजवळ ओढली.

समोरच्या प्राध्यापकांनी राजाचं प्यादं टाकलं. आबांनी वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं आणि घड्याळाचं बटण दाबलं. सिसिलियन! मग प्यादं, घोडा, पुन्हा प्यादं... हात कुठे अडखळेना. आम्ही आपापले डाव सोडून बघत राहिलो.

मग हात थांबला.

"घरी सराव कराले विलास माले समोर बसाडे," आबा म्हणाले. "हाई बठ्ठं त्यानं शे, सगळ्या त्यान्याच चाली. पुढलं माले येत नही."

प्राध्यापकांनी हात पुढे केला. "आबा, बरोबरी करू."

"विलास बरोबरी नही घे," आबा म्हणाले, आणि आपल्या बाजूचा वेळ संपेपर्यंत पटाकडे बघत तसेच बसून राहिले.