ती चावी नानांची नव्हती

पावणेदोनची पाळी नुकतीच सुटली होती. जळगावच्या आमच्या तेलगिरणीच्या फाटकाशी प्रल्हाद उभा दिसला. प्रल्हाद म्हणजे तंत्रशाळेतला माझा बाकसोबती, आता धरणगावला असतो. मी लांबूनच ओरडलो, "अरे, आज इकडे कसा काय?" तो जवळ आला आणि म्हणाला, "नाना गेले." मी विचारलं, "कुठे?" खरंच विचारलं हो! माणूस गावाला जातो, बाजारात जातो, तसं. मागच्याच महिन्यात एरंडोलच्या स्टँडवर भेटले होते नाना. ठणठणीत होते. पाठीत धपाटा घालून म्हणाले होते, "फोरमन झाला म्हणून पोट सोडलं का रे भास्कर?" आणि प्रल्हाद सांगत होता, सकाळी वर्कशॉपमध्ये हजेरी घेता घेता खाली बसले ते उठलेच नाहीत. पन्नाशीही उलटली नव्हती त्यांची. मी फाटकाच्या दांडीला धरून उभा राहिलो.  येत्या रविवारी मी धुळ्याला त्यांच्याकडेच जाणार होतो. एक गोष्ट बोलायची होती... बारा वर्षं बोलायची राहिलेली.

नाना धुळ्याजवळच्या एका तंत्रशाळेत लेथचे, म्हणजे कातकामाच्या यंत्राचे, शिक्षक होते. मी तिथे गेलो तेव्हा आमच्या वस्तीतून यंत्र शिकायला गेलेला मी पहिलाच होतो. निघताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळ्या वस्तीला चहा पाजला होता. आणि इथे फळ्यावर सगळं इंग्रजी! महिनाभर मी मान खाली घालून बसलो. नानांच्या ते ध्यानात आलं. ते वर्गात शुद्ध बोलायचे, पण माझ्या मशीनपाशी आले की सरळ अहिराणीत सुरू व्हायचे. "आते सांग, हाई काय शे?" मी अहिराणीत सांगायचो आणि मग ते म्हणायचे, "व्हयनं! तुले बठ्ठं येस. फक्त नावं परकी शेत." मला सगळं येतं, फक्त नावं परकी आहेत, हे ऐकून माझी भीड तिथेच मोडली.

लेथवर जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, धरायला चक असतो. तो आवळायची चावी काम झाल्यावर काढून घ्यायची, नाहीतर मशीन फिरताच ती गोळीसारखी सुटते. म्हणून नानांचा नियम होता की बटण दाबण्याआधी चावी हातात उंच धरायची आणि मोठ्याने ओरडायचं, "चावी हातात!" दिवसभर शाळेत तोच गजर चालू असायचा. अशाच एके दिवशी मीही ओरडलो. ओरडायची इतकी सवय झाली होती की हात रिकामा आहे हेच कळलं नाही. नाना जॉब बघायला वाकले होते. मी बटण दाबलं.

पुढचं नीट आठवत नाही. नानांचा हात डाव्या डोळ्यावर होता आणि बोटांतून रक्त येत होतं.  पोरं धावली, कुणी फडकं आणलं, अधीक्षक साहेब आले. "मशीनवर कोण होतं?" ते गरजले. तोंड उघडायच्या आत नानांचा दुसरा हात माझ्या दंडावर घट्ट आवळला गेला. "मीच होतो साहेब. पोराला दाखवत होतो. चावी माझ्याकडून राहिली."

दवाखान्यात गेलो तेव्हा मी रडत म्हणालो, "मी साहेबांना खरं सांगतो." नाना खवळले. "चूप बस! मले कोनी काढत नही. तुनं नाव कटी गयं ते तू काय करशी? पहिले पास व्हय, मंग बोल." डोळ्याची नजर गेली ती गेलीच. वरून नानांना लेखी ताकीद मिळाली, आणि त्या साली मिळायची बढती दुसऱ्याला गेली. आणि मी? मी पास व्हायची वाट बघत बसलो!

ते कामावर परतले त्या सकाळी मी मशीनला हात लावायला तयार नव्हतो. डोळ्याला पट्टी बांधलेले नाना येऊन नेमके त्याच जागी उभे राहिले, चकच्या समोर. "दाब बटण." मी मागे सरकलो. "मी हलणार नाही. दाब." तीनदा चावी बघून मी बटण दाबलं. जॉब उतरवून त्यांच्या हातात दिला, तर एका डोळ्याने व्हर्नियरची मोजपट्टी वाचत म्हणाले, "बरं झालं. हे वाचायला एकच डोळा लागतो." सगळा वर्ग हसला. मला हसू येईना.

मी पास झालो, गिरणीत लागलो, लग्न केलं, फोरमन झालो. प्रत्येक वेळी वाटायचं की आता बोलू. एकदा रावेरला एका लग्नात ते शेजारी जेवायला बसले होते, तेव्हाही जिलबी गिळली आणि शब्दही गिळले. भित्रा होतो, दुसरं काय!

तेराव्या दिवशी वर्कशॉपमध्येच शोकसभा झाली. नवे शिक्षक बोलायला उभे राहिले. "नानांचा मोठेपणा बघा. दरवर्षी पहिल्या दिवशी ते मुलांना आपली चूक सांगत. म्हणत, 'मुरलेला माणूस मी, पण चावी विसरलो आणि डोळा घालवून बसलो. तुम्ही विसरू नका.'"  दरवर्षी? बारा वर्षं, प्रत्येक नव्या वर्गासमोर हा माणूस माझी चूक स्वतःची म्हणून सांगत होता? टाळ्या पडल्या. मी बसून राहिलो. तिथेही जीभ उचलली नाही.

संध्याकाळी मात्र नानांच्या घरी गेलो. अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनीच विषय काढला. "इतकी हुशारी लोकांना शिकवली, पण स्वतःची चावी काही यांना सांभाळता आली नाही. जिना उतरताना अडखळले की मी बोलायचीच..." मला पुढे ऐकवेना. "अक्का," मी म्हणालो, "ती चावी मी विसरलो होतो."

 "घरमाबी नही सांगं त्यास्नी," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग पदर तोंडावर गेला. "इतला वरीस मी त्यासलेच दोस दिधा रे भाऊ..."

मी पाय धरले. त्यांनी ते सोडवून घेतले आणि आत गेल्या. बऱ्याच वेळाने चहा घेऊन आल्या. मी डावीकडे हात पुढे केला होता, पण कप त्यांनी माझ्या उजव्या बाजूलाच ठेवला. नानांना डावीकडचं दिसायचं नाही, ती बारा वर्षांची सवय. ठेवल्यावर अक्कांच्या लक्षात आलं. त्या कपाकडे बघत राहिल्या, पण तो हलवला नाही. "बठ्ठासले सांग आते," एवढंच म्हणाल्या. सगळ्यांना सांग.

म्हणून हे तंत्रशाळेला लिहून दिलं आहे. पुढच्या जूनला नवी मुलं येतील तेव्हा त्यांना ही गोष्ट जरूर सांगा. फक्त नाव नानांचं घेऊ नका. चावी भास्कर विसरला होता असं सांगा.