तिच्या नावाची सुट्टी

टोपी मागून आली. मी कॅन्टीनमध्ये हात धुऊन वळत होतो, तेवढ्यात कुणीतरी ती माझ्या डोक्यावर दाबली. रुंद काठाची, लाल-हिरव्या गोंड्यांची मेक्सिकन टोपी. पाहिलं तर श्रीरंग. माझा मॅनेजर. पुण्याचा. माझ्याहून वयाने बराच लहान.

"हलू नकोस बॉस. परफेक्ट!"

"हे काय?"

"लॅटिनो डे आहे ना आज. अमेरिकेला फोटो पाठवायचाय. आपल्याकडे तसा एकही माणूस नाही. तुझा रंग चालतो. त्यात मास्क. कोणाला कळतंय?"

"मग तूच घाल."

त्याने स्वतःचा गोरा हात पुढे धरला आणि हसला. "मी नाही रे खपणार. तू विदर्भातला. उन्हात भाजलेला माल."

शेजारी एचआरची ईफा मोबाईल धरून उभी होती. तिला मराठी येत नाही. "ग्रँड," ती म्हणाली. फोटो निघाला.

ही २०२० ची गोष्ट. डब्लिनच्या उत्तरेला आमचा कारखाना आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेत वापरायच्या बारीक नळ्या तिथे बनतात. सगळा आयर्लंड घरात बसला होता, आमचा कारखाना चालू होता. मी नळ्यांची मापं तपासतो. केसाएवढा फरक असला तरी नळी बाद करतो. त्या दिवशी मात्र टोपी काढायला माझा हात डोक्यापर्यंत गेला नाही.

तो दिवस अमेरिकेतल्या मुख्य कचेरीने ठरवलेला. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या माणसांच्या वारशाचा, त्यांच्या योगदानाचा सन्मान करायचा. भिंतीवर मोठं पोस्टर होतं. 'तुमच्या कष्टांना सलाम.'

आणि श्रीरंग म्हणाला ते खोटं होतं. तशी माणसं होती. रोझाना होती. ब्राझीलची, चाळिशी उलटलेली, एजन्सीमार्फत आलेली सफाई कामगार. तिच्याबरोबरच्या सगळ्याजणीही तिकडच्याच. त्या वर्षी कारखान्यातली दाराची प्रत्येक मूठ, प्रत्येक नळ, प्रत्येक कठडा त्यांनी दिवसभर जंतुनाशकाने पुसला. म्हणून कारखाना चालला. आमचा फोटो निघत होता तेव्हा रोझाना काचेच्या दारापलीकडे मॉप घेऊन उभी होती. आमचं आटोपायची वाट पाहत. छताला लावलेल्या पताकासुद्धा तिनेच शिडीवर चढून बांधल्या होत्या. नंतर टोप्या गोळा करताना ती मला एवढंच म्हणाली, "आमच्याकडे अशी टोपी कोणी घालत नाही."

फोटो कंपनीच्या पानावर झळकला. मी मोजणारा माणूस. मोजलं. टोप्या नऊ. त्या खंडातला माणूस एकही नाही.

श्रीरंगने तोच फोटो इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमचा अमिगो!' अमिगो म्हणजे तिकडच्या भाषेत दोस्त. हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. डब्लिनच्या कडेला ओंगारमधल्या आमच्या घरात मुलीने तो आईच्या फोनवर पाहिला. अर्धा चेहरा मास्कखाली, तरी डोळ्यांवरून तिने मला ओळखलं.

"बाबा, व्हाय आर यू मेक्सिकन?"

बायको भाजी चिरत होती. सुरी थांबली.

मला माझा बाप दिसत होता.

बाप नगरपालिकेत झाडूवाला. चौदा एप्रिलला गावाला सुट्टी. शाळेला सुट्टी, कचेरीला सुट्टी, साहेबांना सुट्टी. बापाला ड्युटी. मिरवणूक निघायच्या आधी चौक झाडायचा, पुतळ्याचा चौथरा धुवायचा. मी दुसरी-तिसरीत असेन. निळा सदरा घालून बापाजवळ उभा होतो. पालिकेचे साहेब आले, हार घातला. फोटोवाला सरसावला. साहेबांनी मान न वळवता म्हटलं, "ए, झाडू घेऊन बाजूला हो. फोटोत येतोयस."

बाप कचऱ्याच्या गाडीमागे गेला. मीही गेलो.

मी विचारलं, "बा, आज सुट्टी कोणाची?"

"आपलीच हाय," बाप म्हणाला. "म्हणून तर काम जास्त हाय."

२०२१ च्या वसंतात रोझानाची आई ब्राझीलमध्ये कोविडने गेली. तिने फोनवर दफन पाहिलं आणि त्याच दुपारी कामावर आली. सुट्टी मागितली होती. मिळाली नाही. हे तिने मला सांगितलं ते माझ्या टेबलाची कड पुसता पुसता. हात थांबला नाही.

त्याच वर्षी तो दिवस पुन्हा आला. या खेपेस थाट मोठा. लॅटिनो बांधवांच्या सन्मानार्थ सगळ्या कायम कर्मचाऱ्यांना दुपारनंतर पगारी सुट्टी. म्हणजे मला. श्रीरंगला. ईफाला. रोझाना कायम नव्हती. आमचा केक खाऊन झाला की तिने कॅन्टीन धुवायचं होतं.

ईफा टोप्यांचा खोका घेऊन आली. "गेल्या वर्षी तू किती छान दिसलास!"

श्रीरंगने टोपी उचलली. या वेळी मी त्याचं मनगट हवेत धरलं. टोपी काढून घेतली आणि टेबलावर ठेवली.

"मी त्यांच्यातला नाही," मी इंग्रजीत म्हणालो. "ज्या आहेत त्या दाराबाहेर आहेत. सुट्टी त्यांच्या नावाची, मग त्या कामावर का?"

ईफा गोंधळली. "त्या एजन्सीच्या आहेत. आपल्या नाहीत."

श्रीरंग मराठीत पुटपुटला, म्हणजे बाकीच्यांना कळू नये. "इश्यू करू नको यार. तुम्हा लोकांना सगळीकडे हेच दिसतं."

"कोणत्या लोकांना?"

त्याने टेबलावरची टोपी जवळ ओढली.

"बोल ना. कोणत्या लोकांना?"

तो टोपीचे गोंडे सरळ करू लागला. मग मीच बोललो. इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझा बाप रस्ते झाडायचा. आमच्या माणसाच्या जयंतीला गावाला सुट्टी असायची आणि माझ्या बापाला झाडू. फोटोतून त्याला हाकललं. आज तुम्ही मला रोझानाच्या जागी उभं करताय. मी उभा राहणार नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ईफाने खोका बंद केला. फोटो माझ्याशिवाय निघाला. माणसं केक खाऊन घरी गेली.

मी गेलो नाही. माझ्या टेबलाशी बसून नळ्या तपासत राहिलो. रोझाना बादली घेऊन आली. मला वाटलं, काही चांगलं बोलेल. ती चिडलेली होती.

"एजन्सीच्या सुपरवायझरचा फोन आला होता. विचारत होता, मी कोणाकडे तक्रार केली? तू मला न विचारता बोललास."

"माफ कर. मला वाटलं, तू फोटोत असायला पाहिजेस."

"फोटो कोणाला पाहिजे?" ती म्हणाली. "मला सुट्टी पाहिजे होती."

पुढच्या महिन्यात तिला दुसऱ्या जागी पाठवलं. ड्रोहेडाकडे कुठेतरी. माझ्या बोलण्यामुळे की असंच, एजन्सी सांगत नाही. मराठी ग्रुपवर आता माझ्या निरोपाला कोणी उत्तर देत नाही. श्रीरंग मला बॉस म्हणत नाही. पूर्ण नावाने हाक मारतो, आडनाव जरा रेटून.

मारू दे. आडनाव माझ्या बापाचं आहे.

दर महिन्याला कारखान्याची सभा असते. शेवटी विचारतात, कोणाचा काही प्रश्न? मी हात वर करतो. तोच प्रश्न. सफाई करणाऱ्यांना त्या दिवशी पगारी सुट्टी का नाही? आणि तोंड उघडलं म्हणून त्यांच्यातल्या कोणाला हलवणार नाही, हे लिहून कधी देता? उत्तर ठरलेलं. एजन्सीचा विषय आहे. मी बसतो. पुढच्या महिन्यात परत उठतो.

चौदा एप्रिलची रजा मी आताच मागून ठेवली आहे. कारण लिहायच्या जागी 'घरगुती काम' लिहिलेलं नाही. 'जयंती' लिहिलं आहे. ती सुट्टी मी घेणार. बापाच्या वाट्याची घेणार.

त्यांची ती दुसरी सुट्टी मी घेणार नाही. जिच्या नावाची आहे तिला मिळेपर्यंत नाही. त्या दुपारी सगळे घरी जातील, मी टेबलाशी असेन. टोप्यांचा खोका पुन्हा उघडेल. त्यातल्या एकाही टोपीत माझं डोकं बसणार नाही.