पोहरादेवीजवळच्या टेकडीवर आमची फुकट गाडी

मामेबहीण वंदना मानोऱ्याकडे शिक्षिका आहे. तिचा फोन आला, "ताई, पोहरादेवीजवळच्या टेकडीवर गाव मिळून झाडं लावून राह्यलं. चढण लांब आहे, म्हाताऱ्या बायाही येतो म्हणतात. तुमची ट्रॅव्हलर आणता का?" आमची गाडी एरवी लग्नाच्या, देवदर्शनाच्या भाड्यावर असते. माधव, म्हणजे माझे यजमान, म्हणाले, "डिझेल आपलं, जेवण त्यांचं. चल."

अकोल्याहून पहाटे निघालो. बार्शीटाकळी, मंगरुळपीर, मानोरा असा रस्ता. तुम्ही जाणार असाल तर टाकी मंगरुळपीरलाच भरून घ्या आणि तिथेच तर्री-पोहे खा. पुढे हॉटेलं कमी. दोन्ही बाजूंना गुडघाभर सोयाबीन, मधूनच तुरीच्या ओळी. पावसाने उघडीप दिली होती, पण टेकडीचा कच्चा रस्ता निसरडा होता.

माधव चालक, मी क्लीनर. गावातून माणसं आणि रोपं भरायची, वर सोडायची, परत यायचं. दुसऱ्या फेरीत तांड्यावरच्या कमलाबाई पुढच्या सीटवर बसल्या. पन्नाशीच्या असतील. मांडीवर चिंचेचं रोप.

"चिंचच काहून?" मी विचारलं.

"आमी दिवाळीनंतर ऊस तोडाले जातो. सावली देणारं झाड गावात असलं, का परत यावंसं वाटते."

दुपारी शेवटची मंडळी वर पोहोचवली आणि आम्ही पाण्याचे कॅन आणायला खाली निघणार होतो. कमलाबाईंनी माधवच्या हातातून किल्लीच घेतली. "आधी जेवा. उपाशी माणसाच्या हातात गाडी देत नाय आमी." मग रोडगे, वरण, वांग्याची भाजी. आम्ही जेवायला बसलो, म्हणून गाडी वरच राहिली.

आमचं ताट संपायच्या आत त्या ओरडल्या. रोपाला आळं करायला दगड उचलला, त्याखालचा विंचू हाताला डसला. थोड्याच वेळात त्यांना दरदरून घाम सुटला, हात गार पडले. कोणी चुना लावा म्हणालं, कोणी मांत्रिकाचं नाव घेतलं. वंदना म्हणाली, "काही लावू नका. दवाखान्यात."

माधवने गाडी इतकी सावकाश उतरवली की मला राग येत होता. नंतर कळलं, घसरलो असतो तर सगळंच संपलं असतं. मागे कमलाबाईंचे मालक त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. "कमले, बोलत राय माह्याशी," एवढंच ते म्हणत होते. मी मनगट धरून होते आणि घरच्या देवीला हाक मारत होते.

मानोऱ्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच औषध सुरू केलं आणि रात्रभर ठेवून घेतलं. आम्ही वंदनाकडे मुक्काम केला. कोणालाच नीट झोप लागली नाही. सकाळी गेलो तर कमलाबाई चहा पीत बसल्या होत्या.

"घरी सोडू ना?" माधवने विचारलं.

"घरी मंग. माही चिंच राह्यली."

डॉक्टर हसले, म्हणाले, "न्या, पण काम दुसऱ्याला करू द्या." वर गेलो. सगळ्यांची रोपं लागली होती. त्यांचा खड्डा तेवढा तसाच ठेवला होता, आणि रोप ओल्या पोत्यात गुंडाळलेलं. मालकांनी माती लोटली, कमलाबाईंनी बसल्या बसल्या पाणी घातलं. निघताना त्यांचे मालक खिशात हात घालू लागले. माधवने तो हात धरला आणि ते म्हणाले, "दादा, तुमच्या घरच्यांनी जेवू घातलं म्हणून गाडी वरच होती. हिशोब झाला."

अकोल्याला आल्यावर गाडी धुतली. पायऱ्यांवरचा काळा चिखल निघता निघेना. आपण काहीतरी देऊन आलो असं वाटावं, तर मन उलट भरून आलेलं: वेळेवर पोहोचलो याबद्दल, त्या डॉक्टरांबद्दल, माधवच्या सावकाशीबद्दल.

इतक्यात वंदनाच्या नंबरवरून फोन आला. बोलत होत्या कमलाबाई. दोन दिवस आम्ही लोकांना पोहोचवत होतो, आता त्या विचारत होत्या, "बाई, पोचले का तुमी घरी?"