स्टिकर राहिलेलं सफरचंद
परदेशी मालावर बहिष्कार टाकताना तुम्ही कधी तो माल आणणाऱ्याच्या दारात गेला आहात का? पुठ्ठ्याच्या खोक्यातून सफरचंदांचा गोड वास आला की मला तो दिवस आठवतो. एका देशावर बहिष्काराची हाक होती आणि मी सकाळी वाशीच्या फळबाजारात पत्रकं वाटत होतो. ‘त्या देशाचं सफरचंद इथे मिळणार नाही’ असा फलक लावल्याबद्दल परदेशी फळं आयात करणाऱ्या एका बड्या व्यापाऱ्याला हार घातले जात होते, आणि त्याच्याच गाळ्यामागे बायका ओल्या फडक्याने सफरचंदांवरचे त्या देशाच्या नावाचे स्टिकर काढत होत्या. संध्याकाळी सीवूड्स स्टेशनबाहेर माझ्यासमोरच बहिष्कारवाल्या पोरांनी उरणच्या एका म्हाताऱ्या चाचांची हातगाडी अडवली, कारण एका फळावर तसा स्टिकर राहून गेला होता. “काय चाचा, देशाशी गद्दारी?” “नाय रे बाबांनो, त्या फलकवाल्या शेटकडनंच घेतला माल. शिमल्याचा हाय बोलला तो!” सकाळी पाहिलेलं मी ओरडून सांगितलं. त्यांच्यातला एकजण हसला, “शेटला कशाला मध्ये आणतो? आपल्या मंडपाला वर्गणी तोच देतो.” आणि त्यांनी गाडी उलटवली. चाचांचा सगळा माल रिक्षांच्या चाकांखाली चिरडला गेला. तो व्यापारी आजही स्वदेशीवर भाषणं देतो आणि ती ऐकताना माझं डोकं फिरतं. बहिष्कार जरूर टाका, पण कुणाच्या हातगाडीला हात लावण्याआधी तो माल देशात कुणी आणला ते विचारा आणि पहिला मोर्चा त्याच्या गाळ्यावर न्या.